सात हजेरीपट आणि झाडणारा

"ज्याला कोणीच धरून ठेवलेलं नसतं, ते जातं," गुल्हाने मॅडम संगणकाच्या पडद्यावरून दृष्टी न काढता म्हणाल्या. "आपोआप. मला काही करावं लागत नाही."

त्या समयी मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा होतो व माझ्या दोन्ही हातांत सन १९७९ च्या पाणीटंचाईचा गठ्ठा होता.

"जाते म्हंजे कुठी जाते, मॅडम?" मी वरूनच पृच्छा केली.

"कुठे जात नाही काका. नाहीसं होतं. त्याची जागा मोकळी होते."

हे उत्तर कानी पडताच पाणीटंचाई माझ्या हातून निसटली आणि दारातून आत येत असलेल्या मोहोड बाबूंच्या पुढ्यात आदळली. धुळीचा जो लोट उठला, त्यात बाबू क्षणभर दिसेनासे झाले.

"अबे देवमन! जीव घेतं काय माहा?" लोटातून आवाज आला. "सेवानिवृत्तीले दोन वर्षं रायले माहे. तेवढे तं काढू दे!"

हा प्रसंग सन २००५ च्या मार्च महिन्यातील आहे. कासारखेड पंचायत समितीच्या अभिलेख कक्षात, म्हणजे जुने कागद ठेवण्याच्या खोलीत, मी रोजंदारीवर मदतनीस होतो. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले; त्यापुढील जे काही शिक्षण झाले ते याच खोलीत, गठ्ठे सोडताना व बांधताना झाले. मोहोड बाबू हे आस्थापना शाखेचे वरिष्ठ लिपिक. कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांकाचा शिक्का त्यांच्याच हस्ते उमटे, आणि त्या शिक्क्यावाचून कोणताही कागद जन्मास आला असे मानले जात नसे.

सभापती महोदयांना नवे सभागृह हवे होते व त्यांच्या दालनाची भिंत आमच्या खोलीस लागून होती. म्हणून अर्धी खोली रिकामी करण्याचा आदेश निघाला. खोलीत तीन हजारांहून अधिक गठ्ठे होते. त्यांतील कोणते राखावे आणि कोणते रद्दीच्या गाडीत घालावे, हे ठरविण्याचे धैर्य एकाही बाबूच्या अंगी नव्हते. कारण जो कागद आज रद्दीत जातो, तोच उद्या सकाळी जिल्ह्याहून मागितला जातो, हा सर्वांचा अनुभव. यास्तव जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका संगणक संस्थेतून कुमारी वृषाली गुल्हाने यांना पाचारण करण्यात आले. वय चोवीस. पायांत शुभ्र पांढरे बूट, जे पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत आमच्या खोलीच्या रंगाचे झाले.

"हे मशीन कोणत्या भाषेत बोलते?" मोहोड बाबूंनी त्यांना पहिल्याच दिवशी विचारले होते.

"जावा."

"मंग सुमात्राही असन," बाबू म्हणाले होते, व त्यावर ते स्वतःच पुष्कळ वेळ हसले होते.

धूळ खाली बसल्यावर मी शिडीवरून उतरलो आणि मॅडमच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिलो. "मॅडम, मले जरा नीट सांगा. कोण नेते?"

मॅडमचा स्वभाव असा की विचारणारा कोणीही असो, सांगताना त्यांचा चेहरा उजळे. "बघा काका. या भाषेत आपण वस्तू तयार करतो. तुमचा एक गठ्ठा म्हणजे एक वस्तू. प्रत्येक वस्तू मशीनच्या आठवणीत जागा अडवते. जुन्या भाषांमध्ये काम झालं की ती जागा आपण स्वतः मोकळी करायची. लोक विसरायचे. नाहीतर घाईत कामाचीच वस्तू पुसून बसायचे. म्हणून या भाषेनं त्यासाठी एक झाडणारा ठेवलाय. तो अधूनमधून येतो आणि निरुपयोगी वस्तू झाडून नेतो."

"त्याले कसं समजते, कोणती उपयोगाची हाय म्हणून?"

"त्याला काही समजत नाही. त्याला वाचताही येत नाही. तो एवढंच बघतो, की हिला कुणी धरलंय का. तुमच्या पत्रांवर ते 'संदर्भ' लिहितात ना, अमुक पत्र, तमुक दिनांक? तो संदर्भ म्हणजे धरणारा हात. हात असला तर वस्तू राहते. नसला तर जाते."

"आन् तुमी त्यायची यादी करान."

"मी नाही, भाषाच करेल. प्रत्येक वस्तूला जाण्याआधी एक वाक्य बोलायची मुभा असते. मी त्यांना फक्त स्वतःचं नाव सांगायला शिकवलंय. जी नावं पडद्यावर येतील ते गठ्ठे रद्दीत." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "असं करू नये खरं तर. आमच्या सरांना कळलं तर ओरडतील. पण तीन हजार गठ्ठ्यांना पुरेल असं दुसरं काही सुचलं नाही."

मी मान डोलावली व पाणी पिण्याच्या मिषाने बाहेर गेलो.

त्या खोलीत, सर्वांत वरच्या फळीवर, निर्धूर चुलींच्या गठ्ठ्यांमागे मी सात हजेरीपट दडवून ठेवले होते. सन १९९७ ते २००३; २००४ चा अद्याप आस्थापना शाखेत होता. रोजंदारी कामगार कोणत्या दिवशी कामावर होता व कोणत्या दिवशी नव्हता, याचा लेखी पुरावा त्यांच्यावाचून दुसरा कोणताही नव्हता. ज्याचे सलग भरलेले दिवस सिद्ध होतील तो कधी ना कधी कायम होईल, असे आमच्या कार्यालयात सर्व जण मानीत. परंतु हजेरीपट हा हलक्या वर्गाचा कागद. वर्षभरात नष्ट करावा असा त्याचा दर्जा. मी रुजू झालो त्या वर्षीच मोहोड बाबूंनी मला कानमंत्र दिला होता, "कागद सांभाळ, देवमन. कागद असन तं माणूस असते." तेव्हापासून उंदीर, वाळवी, गळके छत आणि तीन वेळा झालेली रंगरंगोटी यांपासून मी ते सात पट पोटच्या लेकरांप्रमाणे राखले होते. आता वाचताही न येणारा कोणी झाडणारा येऊन ते नेणार होता.

दुसऱ्या दिवसापासून नोंदणी सुरू झाली. मी गठ्ठ्याचे नाव व त्यातील संदर्भ वाचून दाखवी आणि मॅडम टंकलिखित करीत. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वरच्या फळीशी पोहोचलो.

"पुढचा?" मॅडम म्हणाल्या.

"हजेरीपट, सन १९९७."

"संदर्भ?"

आयुष्यात मी तोवर कार्यालयीन असत्य उच्चारले नव्हते. "हजेरीपट, सन १९९८," मी म्हणालो.

"पुढचा?"

"हजेरीपट १९९८. संदर्भ, हजेरीपट १९९९."

याप्रमाणे प्रत्येक वर्ष मी पुढच्या वर्षाच्या हाती सोपवीत गेलो. सन २००३ पाशी आल्यावर पुढे हात उरेना. मी किंचित विचार केला आणि म्हणालो, "संदर्भ, हजेरीपट १९९७."

मॅडमची बोटे थांबली. "काका, हजेरीपटाला हजेरीपटाचा संदर्भ?"

"नियमच हाय तसा," मी उत्तरलो.

"कोणता नियम?"

"जुना हाय, मॅडम."

आमच्या कार्यालयात या उत्तरापुढे आजवर कोणी गेलेले नव्हते. मॅडमही गेल्या नाहीत. त्या दिवशी घरी जाताना मी पेढे घेतले. पत्नीने कारण विचारले असता, "सातही जण सुखरूप हायेत," एवढेच सांगितले. तिने पेढा खाल्ला आणि हे सात जण कोण, हे विचारण्याचे आपल्या मनातच ठेवले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी गटविकास अधिकारी साहेब स्वतः अभिलेख कक्षात पधारले. त्यांच्याकरिता खुर्ची पुसण्यात आली. मोहोड बाबू वही घेऊन मागे उभे राहिले व मी त्यांच्याही मागे, कपाटाच्या आडोशास.

"सर," मॅडम म्हणाल्या, "आज टेबलांवर जी प्रकरणं चालू आहेत ती मी मुळाशी धरली आहेत. बाकी सगळं सोडून दिलंय. आता झाडणारा येईल आणि निघालेल्यांची नावं इथे दिसतील." त्यांनी एक कळ दाबली.

पडदा काळाच राहिला.

साहेबांनी घड्याळ पाहिले. पंखा फिरत होता. मोहोड बाबूंनी वहीचे पान उलटले, ज्याची काहीच आवश्यकता नव्हती.

"कधी येणार तुमचा माणूस?" साहेबांनी विचारले.

"माणूस नाही, सर. भाषेचा भाग आहे तो. त्याला विनंती करता येते, हुकूम देता येत नाही."

"म्हणजे?"

"मोकळी जागा भरपूर आहे तोवर तो उठत नाही, सर."

"म्हंजे आपल्या सफाईवाल्यासारखाच हाय," मोहोड बाबू पुटपुटले. "उकिरडा दारापर्यंत आल्याबिगर झाडू हाती घेत नाही."

"मग जागा भरा," साहेबांनी आज्ञा केली.

मॅडमनी त्यांच्याकडे आदराने पाहिले. साहेबांचा निर्णय तत्काळ व अचूक ठरल्याचे मी तरी प्रथमच पाहत होतो. मॅडमनी लाखभर रिकाम्या वस्तू तयार करून आठवणीत ओतण्याची व्यवस्था केली. त्या वस्तूंचा उपयोग काहीच नव्हता, केवळ जागा अडविणे हेच त्यांचे कार्य. मिनिटभरात पडद्यावर अक्षरे उमटू लागली.

निर्धूर चुली वाटप, १९८८. निघाले.

सभापतींच्या सत्काराच्या हाराबाबत खुलासा, १९९१. निघाले.

मूषक निर्मूलन मोहीम, १९८६. निघाले.

"ते तं उंदरायनं आधीच खाल्लं व्हतं," मोहोड बाबू म्हणाले. साहेब हसले. साहेब हसले म्हणून सर्व हसले. मीही कपाटाआड हसत होतो, आणि पडद्यावर पुढची ओळ आली.

हजेरीपट, २०००. निघाले.

नंतर १९९७. नंतर २००३. नंतर १९९९ व २००२ एकापाठोपाठ. वर्षांचा क्रम नव्हता; मेळ्यात हात सुटलेली मुले जशी वाट फुटेल तिकडे दिसेनाशी होतात, तसे ते एकेक करून नाहीसे होत होते.

"थांबवा! थांबवा ते!" माझ्या तोंडून आर्त स्वर निघाला.

साहेब चपापून वळले. "कोण ओरडलं?"

"रेकॉर्डचा मदतनीस हाय, सर," मोहोड बाबूंनी तत्परतेने सांभाळून घेतले. "पाल दिसली असन त्याले."

"पाल?" साहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. तशाच स्थितीत त्यांनी उर्वरित प्रात्यक्षिक पाहिले आणि तशाच स्थितीत आदेश दिला, "छान. उद्या चार वाजता यादी माझ्या सहीला ठेवा. परवा सकाळी गाडी येईल."

खोली रिती झाल्यावर मी दार लोटले. "मॅडम, तुमचं मशीन बेइमान हाय."

"काय झालं?"

"तुमीच म्हणाले ना, हात असला तं वस्तू रायते? त्या सातही जणायले हात व्हता! एकूण एकाले!"

मॅडमनी नोंदी उघडल्या, खालपर्यंत वाचल्या, व हळूच विचारले, "काका, तो जुना नियम तुमचा होता ना?"

मी खाली पाहिले.

त्या रागावल्या नाहीत. एक कोरा अर्ज पालथा करून त्यांनी त्यावर सात वर्तुळे काढली, प्रत्येकातून पुढच्याकडे एक रेघ, आणि शेवटच्यातून पहिल्याकडे. कागदाच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक टेबल काढले. "झाडणारा इथून निघतो, टेबलापासून. टेबलावरच्या प्रकरणानं ज्याचा हात धरलाय तिथे जातो, त्यानं ज्याचा धरलाय तिथे जातो, असा पुढे पुढे. जिथपर्यंत पोहोचला, ते राहिलं. आता तुम्ही बोट ठेवा आणि टेबलापासून या सातांपर्यंत येऊन दाखवा."

मी टेबलावर बोट ठेवले. टेबलापासून सातांकडे एकही रेघ नव्हती. बोट तिथेच राहिले.

"सात जण एकमेकांचे हात घट्ट धरून उभे आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण बाहेरचा एकही माणूस त्यांना ओळखत नाही. झाडणाऱ्याला तो अख्खा घोळका एकच कचरा दिसतो. एकदम उचलतो."

"मंग हात मोजणारा झाडणारा नाही काय कोणता?"

"आहे की! काही भाषांमध्ये तो हातच मोजतो. तिथे तुमचे सात वाचले असते."

"मंग त्याच भाषेत करा ना, मॅडम!"

"परवा गाडी येतेय, काका," त्या हसून म्हणाल्या. "आणि तिथे असे घोळके कायमचे जागा अडवून बसतात, म्हणून तर ही पद्धत काढली. पण मला सांगा, आहे काय या हजेरीपटांत?"

तेव्हा मी सर्व वृत्तांत निवेदन केला. आठ वर्षे, भरलेले दिवस, वाळवी, रंगरंगोटी, मोहोड बाबूंचा कानमंत्र. शेवटी हात जोडून म्हणालो, "यादीतून तेवढी सात नावं खोडून टाका."

"खोडीन. एक मिनिटाचं काम आहे. पण पुढच्या वर्षी हा प्रोग्राम दुसरं कुणीतरी चालवेल, त्याला तुम्ही माहीत नसाल. त्यापेक्षा सरळ रस्ता आहे. तुमच्या अर्जाला या सातांचा संदर्भ जोडू. अर्ज चालू प्रकरण आहे, टेबलावर आहे, म्हणजे झालंच. अर्जाचा क्रमांक काय?"

"कोणता अर्ज?"

"कायम करण्याचा. तुमचा."

मी शेजारच्या गठ्ठ्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. मॅडमनी पुन्हा विचारले, "काका, अर्ज कधी केला होता?"

"केला नाही," मी म्हणालो.

"आठ वर्षांत?"

"कागद पूर्ण व्हाचे व्हते ना, मॅडम."

बाहेर सभापतींच्या चालकाने गाडीचा भोंगा दोनदा वाजविला. मी त्या पालथ्या अर्जाकडे पाहत होतो. सात वर्षे त्यावर एकमेकांचे हात धरून गोल उभी होती, आणि ज्याने त्यांना सांभाळले तो त्या कागदावर कुठेच नव्हता.

तो कागद मी सुलटा केला व अर्ज लिहावयास बसलो. विषय लिहिला, सात संदर्भ लिहिले, विनंती लिहिली, खाली संपूर्ण नाव लिहिले, देवमन किसन इंगोले. चार वेळा लिहून तीन प्रती बाद केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोहोड बाबूंच्या टेबलावर ठेवला.

बाबूंनी तो वाचला, चष्मा काढला आणि पुसून पुन्हा वाचला. "हे काय आणलं बे?"

"अर्ज हाय, बाबू. आवक करा."

"येडा झाला काय? बस खाली." त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "ह्या हापिसात आठ वर्षं तू काहून टिकला, सांगू? कोणाच्या ध्यानातच नाहीस म्हणून! मागल्या साली त्या तिघायनं अर्ज केला. साहेबानं इचारलं, हे कोण? चौथ्या दिवशी तिघंही घरी. तुह्या पोरी शिकून रायल्या, तुले काम पाहिजे का अर्ज पाहिजे?"

बाबूंचे म्हणणे असत्य नव्हते. ते तिघे रोजंदार मला ठाऊक होते. त्यांपैकी एकाने बसस्थानकापुढे केळीची गाडी लावली होती. मी अर्ज परत उचलला व दारापर्यंत गेलो. तेथून मागे आलो.

"बाबू, ध्यानात नाही म्हणूनच तं काल मशीननं मले काढलं."

"अबे, ते मशीन हाय."

"आन् हे काय हाय?" मी म्हणालो.

मोहोड बाबूंनी शिक्का उचलला, शाईवर दाबला, आणि तो हवेतच थांबला. त्यांचे लक्ष संदर्भांकडे गेले होते. "हे सात हजेरीपट आजच्या रद्दीच्या यादीत हायेत ना?"

"हायेत."

"मंग रद्दीत चाललेल्या कागदाचा संदर्भ मले आवक करता येत नाही. माह्यावर येईन. पह्यले यादीतून काढून आण. हातानं खोडलेलं चालत नाही, मशीननंच सोडलं पाहिजे."

मी अभिलेख कक्षात धावलो. मॅडम म्हणाल्या, "आवक क्रमांक आला की मी लगेच जोडते, ते आपोआप यादीतून सुटतील." मी बाबूंकडे धावलो. बाबू म्हणाले, "पह्यले यादी." पुन्हा मॅडम, पुन्हा बाबू. पाचव्या फेरीस घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. आवकेवाचून यादी सुटेना आणि यादीवाचून आवक होईना. हेही एकमेकांचे हात धरून उभे राहिले होते, आणि या दोघांपर्यंत बाहेरून कोणी जात नव्हते. मी व्हरांड्यात थांबलो, सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसले, आणि साहेबांच्या दालनाचे दार लोटले. आठ वर्षांत त्या दारातून मी आत गेलो होतो तो केवळ गठ्ठे घेऊन.

"काय आहे?" साहेबांनी मान वर केली. "कोण तू?"

"देवमन इंगोले, साहेब. अभिलेख कक्ष."

"तो पालवाला?"

"होय, साहेब."

साहेबांनी टेबलाखाली एकवार दृष्टी टाकली. मग अर्ज हाती घेतला. "तू कायम नाहीस?"

"नाही, साहेब."

"मला वाटलं, तू खोलीबरोबरच आलेला आहेस." ते वाचत राहिले. "सात हजेरीपट. आहेत कुठे?"

"आत्ता चार वाजता आपल्यापुढे जी यादी येईन, तिच्यात हायेत. उद्या सकाळी गाडीत जातीन."

मंजूर म्हणावे तर अधिकार जिल्ह्याचा. नामंजूर म्हणावे तर समोर माणूस उभा. आणि पुरावा गाडीत घालावा तर त्याची वार्ता आता त्यांच्या स्वतःच्या कानी आलेली. लेखणीचे टोक कागदावर तीन ठिकाणी टेकून उठले. अखेरीस त्यांनी समासात तिरक्या अक्षरांत दोन शब्द लिहिले आणि खाली सही ओढली.

चर्चा करावी.

ज्यांनी शासकीय कार्यालय आतून पाहिलेले नाही त्यांना या दोन शब्दांचे सामर्थ्य उमगणार नाही. ज्या कागदावर अधिकारी 'चर्चा करावी' असे लिहितो, तो कागद चर्चा होईपर्यंत टेबलावरून हलविता येत नाही. आणि चर्चा सहसा होत नाही.

मोहोड बाबूंनी तो शेरा पाहिला मात्र, खुर्चीतून अर्धे उठले. "साहेबाची सही! आता तं ब्रह्मदेव आला तरी आवक थांबत नाही." शिक्का असा आपटला की शेजारच्या टेबलावरील पेला हलला. आवक क्रमांक अकराशे सत्तेचाळीस.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी मॅडमनी तो क्रमांक टंकलिखित केला आणि त्यातून सात रेघा सात हजेरीपटांकडे नेल्या. मग त्यांनी मान वळविली. "काका, आता ते खोटे संदर्भ काढते. अर्जानं प्रत्येकाला वेगवेगळं धरलंय. त्यांना एकमेकांची गरज नाही."

"काढा," मी म्हणालो. म्हणताना मात्र टेबलाची कड घट्ट धरली होती.

लाखभर रिकाम्या वस्तू पुन्हा आठवणीत ओतल्या गेल्या. झाडणारा उठला. नावे धावू लागली. मी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मॅडम पडद्यावर बोट लावू नका म्हणत होत्या, तरी वाचली. निर्धूर चुली गेल्या, हार गेला, उंदीर गेले. चौदाशे एकोणीस नावे निघाली, आणि त्यांत एकही हजेरीपट नव्हता.

"अजून एकदा चालवू?" मॅडमनी विचारले.

"चालवा," मी म्हणालो. त्यांनी तीनदा चालविले.

साहेबांनी मला घरी पाठविले नाही. त्यांची स्वतःचीच जूनमध्ये बदली झाली. नव्या साहेबांपुढे अर्ज गेला. त्यांनी आधीच्या साहेबांचा शेरा वाचला व त्याखाली लिहिले, चर्चा करावी. त्यांच्यानंतरच्या साहेबांनीही तेच लिहिले. त्या चार वर्षांत पहिले साहेब धरून एकूण पाच अधिकारी होऊन गेले, मोहोड बाबू सेवानिवृत्त झाले, सभागृह बांधून झाले व गळूही लागले, आणि माझा अर्ज प्रत्येक टेबलावर जिवंत राहिला.

सन २००९ मध्ये सहाव्या अधिकारी म्हणून श्रीमती कोहाड आल्या. त्यांनी मला बोलावून घेतले. अर्जाच्या समासात एकाखाली एक पाच शेरे होते व सहाव्यास जागा नव्हती.

"इंगोले, या प्रकरणावर पाच अधिकाऱ्यांनी चर्चा केलेली दिसते," त्या म्हणाल्या.

मी समासातील शेऱ्यांकडे पाहिले.

"एवढी चर्चा झाल्यावर निर्णय का झाला नाही? कमाल आहे. सात वर्षांचे हजेरीपट जोडलेले, पुरावा पूर्ण, आणि प्रस्ताव जिल्ह्याला गेलाच नाही?" त्यांनी लेखणीचे टोपण काढले. "या सगळ्या चर्चेच्या वेळी तुम्ही स्वतः हजर होतात ना?"

"हजर व्हतो, मॅडम," मी म्हणालो. "कोणी बोलावलं नाही, पण रोज हजर व्हतो."

प्रस्ताव जिल्ह्यास पाठवावा, असे लिहून त्यांनी सही केली.